झोपेच्या खात्याचे कॅप्टन

बसमध्ये पाय ठेवण्याआधी ड्रायव्हरला "झोप झाली का?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या समोरच्या दारात राहणारे कॅप्टन यशवंत कोरगावकर.

बरं, हे विचारणं गंमत म्हणून नसायचं. वाशीच्या स्टॉपवर दादरची बस लागली की ते रांग सोडून पुढे जायचे, ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून विचारायचे. बहुतेक ड्रायव्हर हसून "झाली की साहेब, बसा" म्हणायचे. तेवढ्यानं कॅप्टनचं समाधान होत नसे.

"तोंडानं नका सांगू. डोळे दाखवा."

डोळे लाल दिसले की कॅप्टन बाजूला व्हायचे आणि मागच्या रांगेला खणखणीत आवाजात सांगायचे, "ही गाडी मी घेत नाही. तुमचं तुम्ही ठरवा." आणि खरोखरच पुढच्या बसची वाट बघत उन्हात उभे राहायचे. त्या काळात वाशीहून सुटणाऱ्या बसेस इतक्या कमी होत्या, की पुढची बस म्हणजे जवळजवळ पुढचा जन्म.

एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. ड्रायव्हर चांगला दांडगा, मिशाळ माणूस, पण चेहरा पार उतरलेला. कॅप्टननी विचारल्यावर त्यानं खरं तेच सांगितलं.

"न्हाई साहेब. पोरगं तापानं फणफणलंय. रातभर मांडीवरच होतं."

कॅप्टन तडक कंट्रोलरच्या टपरीकडे निघाले. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. "ओ साहेब! कुठं निघाला? तुमी तिथं बोलला तर माझा खाडा लागंल. माझ्यासाठी भांडू नगा, हात जोडतो."

कॅप्टन थांबले. त्यांना असं कचाट्यात सापडलेलं मी प्रथमच पाहत होतो. शेवटी ते बसमध्ये चढले, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीला तोंड लावून उभे राहिले आणि खाडीपुलापासून दादरपर्यंत त्याच्याशी अखंड बोलत राहिले. ढग किती प्रकारचे असतात, कुठल्या ढगात शिरावं, कुठल्याच्या जवळही फिरकू नये, हे त्या दिवशी सबंध बसला पाठ झालं. ड्रायव्हरची काय बिशाद होती डुलकी काढायची! उतरताना तो मला हळूच म्हणाला, "डोक्यानं जरा हे हाईत का?" मी म्हटलं, "विमान चालवतात." तो म्हणाला, "मंग बरोबर."

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होतो. वाशीत नुकतीच नवी घरं बांधून झाली होती आणि लोक ती घ्यायला तयार नव्हते. खाडीपलीकडे कोण जाऊन राहणार? रस्ते ऐसपैस, पण त्यांवर माणूस नाही. डास मात्र भरपूर, आणि ओहोटी लागली की सगळ्या घरांत चिखलाचा वास. मी इथं आलो कारण कारखाना जवळ होता. बाकीचे आले कारण मुंबईत घर परवडत नव्हतं. कॅप्टन आले ते झोपेसाठी.

"आख्खी मुंबई हिंडलो," ते सांगत. "सगळीकडे आवाज. इथं येऊन भर दुपारी या मोकळ्या खोलीत फरशीवर आडवा झालो आणि संध्याकाळी उठलो. लगेच घर घेतलं."

झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना त्यांनी काळा कागद चिकटवला होता. सुट्टीवर आले की कुठल्याही वेळी झोपत आणि ते झोपले की आमचा सगळा मजला पाय न वाजवता चाले. वाशीला लागूनच असलेल्या जुहूगावची हौसाबाई मासे घेऊन यायची. तिचा आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसालाही बोंबील घ्यावेसे वाटावेत. तीसुद्धा आमच्या जिन्यात आली की पाटी उतरवून आधी माझ्या बायकोला, नलिनीला, खुणेनं विचारायची, "कॅप्टन निजलाय का?" एकदा कॅप्टननी तिलाही गाठलं. "हौसाबाई, झोप होते का पुरेशी?"

"कनची झोप?" ती म्हणाली. "भरती आमाला इचारून येते काय? दर्या उठवतो तवा उठाचा."

कॅप्टननी मान डोलावली. मग म्हणाले, "तुमचा दर्या आमच्या मालकापेक्षा बरा. निदान सांगून येतो."

हा मालक म्हणजे पूर्वेकडच्या एका बेटांच्या देशातला गृहस्थ. त्याचा मूळ धंदा बर्फाच्या कारखान्याचा. नंतर त्यानं हॉटेल काढलं आणि हॉटेलला गिऱ्हाईक मिळावं म्हणून विमान कंपनी काढली. कॅप्टन त्याला 'बर्फवाला' म्हणत. आपल्याकडे ज्या मालवाहू कंपनीत ते विमानं चालवत होते ती बंद पडली होती आणि त्यांच्या वयाच्या माणसाला इथं दुसरीकडे कोणी घेईना. बर्फवाल्याला वैमानिक हवे होते आणि त्याच्या देशात ते नव्हते. त्यानं ठिकठिकाणांहून गोळा केले. एक इंग्रज, एक सिंहली, एक ग्रीक, असे सहाजण. त्यांत आमचे कॅप्टन वयानं सगळ्यांत मोठे.

वैमानिक शेजारी राहतो म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या लोकांच्या काय काय कल्पना होत्या! पंचतारांकित हॉटेलं, विलायती दारू, हवाई सुंदऱ्या. बायका नलिनीकडे निरोप ठेवायच्या, कॅप्टन येताना सेंट आणतील का म्हणून. परदेशातून आलेला माणूस सेंट आणतो, साबण आणतो, चॉकलेटं आणतो. कॅप्टन कानात घालायचे मेणाचे बोळे आणायचे. सगळ्या बिल्डिंगला वाटायचे. प्रत्येक जोडी नीट कागदात गुंडाळलेली. आमच्या सेक्रेटरींनी ते शेवटी नळाची गळती थांबवायला वापरले.

खरी हकिकत मला हळूहळू कळली. सहा वैमानिकांना मिळून हॉटेलच्या मागे एक घर दिलेलं. त्यात तीन पलंग. एक उठला की त्याच पलंगावर दुसरा. "पलंग कधी गार झाला नाही," कॅप्टन सांगत. "सिंहली माणसाच्या तेलाचा वास, ग्रीकाच्या सिगारेटचा वास. उशीवर डोकं ठेवलं की आधी कोण झोपलं होतं ते कळायचं." कोणी कुठलं विमान न्यायचं ते हॉटेलच्या भटारखान्याबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असे. एका अंगाला आजचं सूप, दुसऱ्या अंगाला आजचे वैमानिक. पुष्कळदा सूप तेच राही आणि वैमानिक बदले. सगळ्यांचे पासपोर्ट 'सुरक्षित राहावेत म्हणून' मालकाच्या तिजोरीत. तिथल्या स्थानिक नोकरांना सणावाराची सुट्टी मिळे. या परक्यांना म्हणत, "तुमचे सण इथं कुठे आहेत?" कंपनीला माणूस नको झाला तर ती त्याला संध्याकाळच्या विमानानं घालवून देऊ शके. माणसाला कंपनी नकोशी झाली तर मात्र करार संपेपर्यंत सुटका नाही. विश्रांतीबद्दल करारात एकच ओळ होती. कंपनीच्या सोयीनुसार.

हे सगळं कॅप्टन हसत हसत सांगायचे. आम्हीही हसायचो. त्यांची बायको, सुलभावहिनी, तेवढ्या वेळात आतून काहीतरी आणायला उठायच्या. त्या शाळेत शिकवत. मूलबाळ नव्हतं. वर्षाचे बहुतेक महिने त्या एकट्याच असत.

आता मी माझ्या फजितीकडे येतो.

एका सकाळी माझी रात्रपाळी संपली आणि बदली ऑपरेटर आलाच नाही. आमचे सुपरवायझर शिंदे म्हणाले, "आजच्या दिवस कर रे डबल. तुला काय नवं आहे?" नवं काहीच नव्हतं. मी थांबलो. फाटकावरच्या फोनवरून कॅप्टनकडे निरोप दिला, की नलिनीला सांगा, मी संध्याकाळी येईन. कोणाकडे निरोप देतोय याचा विचार करायला हवा होता.

तासाभरानं फाटकावर गडबड ऐकू आली. पाहतो तर पांढरा गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, डोक्यावर टोपी असा एक रुबाबदार माणूस रिक्षातून उतरून आत येतोय आणि आमचा वॉचमन त्याला सलाम ठोकतोय. कॅप्टन सरळ प्लँटमध्ये आले. शिंदे लगबगीनं पुढे झाले. त्यांना वाटलं, सरकारी इन्स्पेक्शन.

"हा माणूस कालपासून जागा आहे," माझ्याकडे बोट दाखवून कॅप्टन म्हणाले. "त्याच्या हाताखाली काय चालतं?"

"रिअ‍ॅक्टर आहे, सर."

"तापतो?"

"हो, म्हणजे... तापवावाच लागतो."

"जास्त तापला तर?"

शिंद्यांनी कपाळ पुसलं. "सर, आपण कुठल्या खात्याचे?"

"झोपेच्या," कॅप्टन म्हणाले.

शिंद्यांना ते काय ऐकू आलं देव जाणे. त्यांनी मला त्याच क्षणी घरी पाठवलं आणि स्वतः रिअ‍ॅक्टरपाशी उभे राहिले. पुढे खरी गोष्ट बाहेर आली तेव्हा ते माझ्यावर असे काही भडकले, की कॅन्टीनमध्ये माझ्याकडे बघायचे नाहीत. बाकीच्यांची चंगळ झाली. मी आत शिरलो की कोणीतरी अंगाई म्हणायला लागे. 'झोपेचं खातं' हे नाव मला पडलं ते तो कारखाना सोडेपर्यंत सुटलं नाही.

त्या संध्याकाळी मी तरातरा गच्चीवर गेलो. ऊन उतरताना कॅप्टन तिथं खुर्ची टाकून बसत. समोर खाडी, मिठागरं, आणि लांबवर पुलावरून जाणारी एखाददुसरी मोटार.

"कॅप्टन, तुम्ही उद्या परवा जाल निघून. मला तिथंच भाकरी मिळवायची आहे. कोणी सांगितलं होतं यायला?"

"कोणी नाही."

"माझी नोकरी गेली असती!"

"खरंय," ते म्हणाले. "त्या ड्रायव्हरनंही मला तेच सांगितलं होतं. माझ्या लक्षात राहत नाही." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा. एक गोष्ट सांगतो. सुलभाला सांगू नका."

मी कठड्यावर टेकलो.

"गेल्या महिन्यातली. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं. लहानसं अंतर. दिवसभरातली कितवी फेरी होती तेही आठवत नाही. शेजारी रॅमॉन. सहवैमानिक आमचा, फिलिपाइन्सचा पोरगा. तो तर आदल्या दिवशी आजारी माणसाच्या जागी उडून आलेला. हवा छान होती. विमान आपलं आपण जाईल असं यंत्रावर लावलं होतं. मी डोळे मिटले असं मला आठवत नाही. उघडले, एवढंच आठवतं."

मी कठड्यावरून उठून त्यांच्या खुर्चीजवळ आलो.

"रॅमॉनकडे पाहिलं. मान एका बाजूला, तोंड उघडं. लहान मूल झोपतं तसा. मागचं दार उघडंच होतं. एक बाई बाळाला थोपटत होती. कोणी केळं सोलत होता. सगळे निवांत. आणि खाली नुसतं पाणी. जिथं उतरायचं ते बेट पाठीमागे राहिलं होतं. किती मागे, कोणास ठाऊक."

"मग?"

"मग वळवलं. शोधलं. उतरवलं. इंधन होतं म्हणून. उतरताना एका म्हातारबाबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, किती अलगद आणलंत आम्हाला! सबंध वेळ झोप लागली होती."

हे सांगताना कॅप्टन हसले नाहीत. मीही नाही.

"तुम्ही मालकाला सांगितलंत?"

"सांगितलं ना. बर्फवाला म्हणाला, कोणाला काही झालं का? नाही ना? मग काय झालं?" कॅप्टननी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुमच्या त्या शिंद्यांनी आज मला हेच सांगितलं असतं, गणवेश नसता तर."

माझा राग केव्हाच गेला होता. मी म्हटलं, "मग तुम्ही परत का जाता? नका जाऊ. इथं काहीतरी होईल."

"मी नाही गेलो तर माझ्या फेऱ्या कोण करणार? तीच पोरं ना? आधीच त्यांचे डोळे उघडत नाहीत. आणि त्यांच्यातलं कोणी तोंड उघडणार नाही. ग्रीकाच्या घरी चार बहिणी. रॅमॉनचं लग्न ठरलंय. माझं काय? मी म्हातारा झालोय. मला काढलं तर फारसं बिघडणार नाही."

निघायच्या आदल्या दिवशी सुलभावहिनी आमच्याकडे आल्या. त्या कधी काही मागायला आल्या नव्हत्या. दारातच उभं राहून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगून बघा ना त्यांना. माझ्याशी ते पाहुण्यासारखं बोलतात. सगळं छान आहे म्हणतात. छान असतं तर माणूस झोपेत दचकून कशाला उठेल?"

मी पुन्हा सांगून पाहिलं. कॅप्टन टॅक्सीत बसले आणि ड्रायव्हरची चौकशी करून निघून गेले.

ते परत आले ते अचानक. सुट्टीला अजून बराच अवकाश होता. एक बॅग घेऊन टॅक्सीतून उतरले, मला जिन्यात भेटले, आणि म्हणाले, "कंपनीला आता माझी गरज नाही." बस्स. पुढे काही नाही. सोसायटीत चर्चा सुरू झाली. दारू पीत असतील, कोणाशी भांडले असतील, काहीतरी लफडं असेल. एकानं तर विमान आपटल्याचंही सांगितलं. कॅप्टनपर्यंत हे सगळं पोचत असणारच. ते कोणालाच खुलासा करत नसत. इथल्या दोन कंपन्यांत जाऊन आले. नंतर जाणं बंद केलं.

तेव्हापासून ते घरी राहायला लागले. म्हणजे खरं तर तेव्हापासून त्यांची पंचाईत सुरू झाली.

एका दुपारी, वहिनी शाळेत गेलेल्या असताना, ते आमच्या दारात येऊन नलिनीला विचारू लागले, "आमच्याकडे साखर कुठे असते?"

नलिनीला आधी वाटलं, साखर मागताहेत. वाटी घेऊन आली.

"नाही, नाही. आमच्या घरातली. कुठे ठेवते सुलभा?"

"ओट्याखाली, निळ्या डब्यात," नलिनी म्हणाली. "पण कॅप्टन, वहिनींनाच विचारायचंत ना सकाळी."

"किती गोष्टी विचारायच्या तिला?" ते ओशाळून म्हणाले. "काल चहाची पावडर विचारली. परवा माचिस. तिला वाटेल, हा माणूस या घरात राहत होता की नाही?"

आम्ही तेव्हा हसलो.  पण ते बोलले ते खरंच होतं. घर वहिनींचं होतं. फ्यूज उडाला तर तो त्या बसवायच्या, सिलिंडर त्या लावायच्या, सोसायटीच्या मीटिंगला त्या जायच्या. कॅप्टन येत तेव्हा ठेवणीतल्या चादरी निघत, नव्या कपांतून ट्रेवर चहा येई, रोज काहीतरी गोडाचं होई. आता ते कायमचे आले तरी तो ट्रे काही सुटेना. वहिनी शाळेतून दमून येत आणि ट्रेवर चहा मांडून बाहेर आणत. कॅप्टन उठून उभे राहत आणि "थँक यू" म्हणत. बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होई.

पुढे एका रविवारी आमची बेल वाजली. दारात सोसायटीचा वॉचमन आणि त्याच्यामागे एक सडपातळ, हसऱ्या चेहऱ्याचा परदेशी तरुण. हातात मिठाईचा खोका. कॅप्टन आणि वहिनी भाजी आणायला गेले होते. मी त्याला आत घेतलं. हाच रॅमॉन. मुंबईवरून पुढे कुठे तरी निघाला होता. मधे एक दिवस मिळाला म्हणून पत्ता शोधत आला होता. वॉचमननं मात्र त्याचं नाव रामन समजून त्याला वाटेत मद्रासबद्दल पुष्कळ काय काय विचारलं होतं.

माझं इंग्रजी कारखान्यापुरतं, पण त्याचं सांगणं मला सगळं कळलं.

कॅप्टन परत गेल्यावर त्यांनी आधी मालकाशी बोलून पाहिलं होतं. उपयोग झाला नाही. मग एका सकाळी त्यांनी सगळ्या वैमानिकांना गणवेश घालून हॉटेलच्या जेवणघरात बोलावलं. म्हणाले, घोषणा नकोत, भांडण नको. आपण फक्त झोपायचं. आणि सगळे झोपले! कोणी टेबलावर डोकं ठेवून, कोणी खुर्च्या जोडून. ग्रीक तर जमिनीवर टोपी उशाला घेऊन आडवा झाला. खोटं खोटं झोपायचं होतं, पण इतके दमलेले होते की खरंच गाढ झोपले. कॅप्टन तेवढे दाराशी खुर्ची टाकून जागे बसले होते. तिकडे विमानतळावर उतारू ताटकळले. मालक धावत आला आणि भटारखान्यातून ताट आणून ते बडवायला लागला. कॅप्टननी त्याचा हात धरला. "त्यांना उठवू नका. जे बोलायचं ते माझ्याशी बोला."

विमानतळावर अडकलेल्या माणसांत त्या देशाच्या विमान खात्याचा एक अधिकारी होता. तोही चिडून हॉटेलवर आला. त्याच्यासमोर कॅप्टननी त्या दिवसाची सगळी हकिकत सांगितली. वैमानिक विमानात झोपल्याची, बेट मागे राहिल्याची.

"त्यामुळे आम्हाला स्वतंत्र खोल्या मिळाल्या," रॅमॉन म्हणाला. "ठरावीक विश्रांती मिळाली. पासपोर्ट हातात मिळाले. आणि सरांचा परवाना गेला. झोपल्याचं कबूल केलं ना!"

मी विचारलं, "आणि तुमचा?"

त्यानं खोका एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

"सरांनी त्यांना सांगितलं, की मी एकटा झोपलो होतो. रॅमॉन जागा होता. त्यानं मला हलवून उठवलं म्हणून सगळे वाचलो." तो पुढे म्हणाला, "कंपनीनं माझा सत्कार केला. आता मी कॅप्टन आहे. मी सरांना म्हटलं, मी खरं सांगतो. ते म्हणाले, तू तोंड उघडलंस तर दोघंही घरी बसू. एकानं तर उडायला हवं ना?"

नलिनीला इंग्रजी फारसं येत नसे. तरी ती पदरानं डोळे पुसत होती.

तेवढ्यात जिन्यात पिशव्यांचा आवाज झाला. रॅमॉनला पाहून कॅप्टन दारातच थबकले. कोथिंबिरीची जुडी हातातच. मग त्यांनी आधी त्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी नीट वळवून पाहिला, डॉक्टर पाहतो तसा, आणि समाधानानं मान हलवली. माझ्या चेहऱ्यावरून त्यांच्या सगळं लक्षात आलं असावं. "फार बडबडतो हा मुलगा," असं मराठीत म्हणून ते त्याला घेऊन आत गेले.

सुलभावहिनी मागे राहिल्या. "काय म्हणत होता तो?" त्यांनी मला विचारलं.

सांगू नका, असं मला कॅप्टननी सांगितलं होतं. पण मी सांगितलं. विमानापासून परवान्यापर्यंत सगळं.  ऐकून झाल्यावर वहिनींनी पिशवी उचलली आणि घरात गेल्या. त्या दिवशी रॅमॉन पोटभर जेवून गेला. त्यांच्या घरातून काही मोठ्यानं बोलल्याचं ऐकू आलं नाही.

चारआठ दिवसांनी मी सकाळी दाढी करत होतो. कॅप्टन अनवाणी, बनियनवर, घाईघाईनं आमच्या घरात शिरले. चेहरा असा फुललेला की मला वाटलं, कुठल्या तरी कंपनीचं बोलावणं आलं.

"सुलभा माझ्यावर ओरडली," ते म्हणाले.

मी वस्तरा खाली ठेवला. "कशावरून?"

"दूध उतू गेलं. मी समोरच उभा होतो, पेपर वाचत. ती आतून आली आणि म्हणाली, डोळे फुटले का तुमचे? घरात राहताय की लॉजमध्ये? आणि विमानातलं मला परक्या माणसाकडून कळावं? मी कोण आहे तुमची?" ते धापा टाकत होते. "मोठ्यानं म्हणाली हो. खाली ऐकू गेलं असेल."

"ऐकू आलं," आतून नलिनी म्हणाली. "बसा कॅप्टन, चहा टाकते."

"नको, नको. बसायला वेळ नाही," ते दाराकडे वळत म्हणाले. "तिनं ओटा पुसायला सांगितलंय."